डिसॅबिलिटी पेन्शनचा निकाल मेडिकल बोर्डाच्या कागदावर लागतो

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

फौजेत जखमी झालेल्या किंवा आजारी पडलेल्या जवानाला सरकार अपंगत्वाची पेन्शन देतेच, असा समज गावोगाव आहे. बातम्यांतूनही तोच पसरतो. प्रत्यक्षात नुसत्या जखमेवर किंवा आजारावर ही पेन्शन मिळत नाही. इजा किंवा आजार सेवेमुळे झाला, निदान सेवेमुळे वाढला, हे मान्य व्हावे लागते. अपंगत्व किमान २० टक्के भरावे लागते. शिवाय जवान सेवेतून कसा बाहेर पडला यावर रक्कम ठरते: बोर्ड आउट होऊन (म्हणजे आजारामुळे किंवा इजेमुळे सेवेतून काढला जाऊन), मुदत पूर्ण करून, की स्वतःच्या अर्जाने. शेवटच्या मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौजी डॉक्टरांच्या तपासणी मंडळाचा, एएफएमएसएफ-१६ नावाचा एक फॉर्म असतो. या सगळ्याचा कौल त्यावर लिहिला जातो, आणि पुढे दहा-वीस वर्षे चालणाऱ्या भांडणाचे मूळ बहुतेक वेळा त्याच फॉर्मवरच्या दोन-तीन ओळींत सापडते. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा या जिल्ह्यांत फौजी घरे भरपूर आहेत आणि नेमकी ही माहिती त्या घरांत पोहोचलेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी एक गोंधळ दूर करू. जिल्हा रुग्णालयाचा दिव्यांग दाखला आणि यूडीआयडी कार्ड यांचा फौजेच्या पेन्शनशी संबंध नाही. तो दाखला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली निघतो आणि त्याच्या सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते. फौजेची पेन्शन फौजी डॉक्टरांच्या बोर्डाने ठरवलेल्या टक्क्यांवरच चालते. जवानाच्या सेवेच्या नोंदी सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे जिल्हा रुग्णालयाचा ६० टक्क्यांचा दाखला पाठवून वर्षभर उत्तराची वाट पाहत बसण्यात अपिलाची मुदत मात्र निघून जाते.

आता कारणाचा प्रश्न, कारण खरी अडचण तिथेच येते. बोर्डापुढे तीन पर्याय असतात. आजार सेवेमुळे झाला असेल तर ॲट्रिब्युटेबल. मूळ आजार वेगळ्या कारणाचा, पण सेवेतल्या परिस्थितीने बळावला असेल तर ॲग्रॅव्हेटेड. दोन्ही नसेल तर ‘निदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’, म्हणजे ज्याला जवान ‘नाना’ म्हणतात तो शेरा. पहिल्या दोहोंपैकी एक असले तरी पेन्शनचा हक्क सारखाच असतो. ‘नाना’ शेरा पडला की टक्के कितीही असोत, हाती काही येत नाही. फॉर्मवर अपंगत्व ३० टक्के असे स्पष्ट लिहिलेले असते आणि खालच्या रकान्यात ‘पेन्शनसाठी पात्र टक्केवारी : शून्य, आजन्म’ असेही असते. घरचे लोक वरचा आकडा पाहून निर्धास्त राहतात. वाचायचा असतो तो खालचा रकाना.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार यांवर ‘नाना’ शेरा सर्वांत जास्त पडतो. ‘आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला’, ‘प्रकृतिगत आहे’, ‘सेवेशी संबंध नाही’ ही ठरीव वाक्ये असतात. डॉक्टरांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मात्र तपासण्याच्या बाबी नेमक्या दिल्या आहेत. रक्तदाबाच्या बाबतीत सुरुवात फील्ड भागात, अतिउंचावर किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत असताना झाली का, हे पाहायचे असते. हृदयविकाराचा झटका आला असेल तर झटक्याआधीच्या १४ दिवसांत जवान कोणते काम करत होता याचा तपशील युनिटने द्यायचा असतो. तो तपशील युनिटकडून आलाच नाही, किंवा ‘नेहमीची ड्यूटी’ एवढेच लिहून आले, तर डॉक्टरांपुढे दुसरा आधार राहत नाही. म्हणजे रुग्णालयात पडलेल्या माणसाच्या पेन्शनचे भवितव्य युनिटमधल्या कारकुनाच्या एका पानावर लटकते. झटका आला त्या आठवड्यात कुटुंबाला हे कोणी सांगत नाही, आणि दोन वर्षांनी तो तपशील मिळवणे फार अवघड होते.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जवानांच्या बाजूने भक्कम कायदा उभा केला आहे. ‘धरमवीर सिंग’ प्रकरणात (जुलै २०१३) सिग्नल कोअरच्या एका जवानाला अपस्माराच्या कारणावरून नऊ वर्षांनी बोर्ड आउट करून पेन्शन नाकारली होती. भरतीच्या वेळी त्याच्या कागदांवर त्या आजाराची नोंद नव्हती. न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेत उद्भवला असे धरायचे, संबंध नसल्याचे सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकायचे नाही, आणि संबंध नाही असे बोर्डाला वाटत असेल तर त्याने कारणे लिहायची. ‘सुखविंदर सिंग’ (२०१४) आणि ‘राजबीर सिंग’ (फेब्रुवारी २०१५) या निकालांनी हेच पुढे नेले. ‘राजुमोन’ प्रकरणात (मे २०२५) कारणे न देणारे बोर्डाचे मत टिकत नाही, हे पुन्हा बजावले गेले. तरीही सगळे निकाल एका बाजूचे नाहीत. मानसिक आजाराच्या ‘नरसिंग यादव’ प्रकरणात (२०१९) जवान हरला. म्हणून ‘कोर्टात गेले की मिळतेच’ असे सांगणाऱ्या दलालांपासून सावध राहावे.

इजेचे कागद आजाराच्या कागदांपेक्षा वेगळे असतात. इजा झाल्यावर युनिटने आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्ट भरायचा असतो आणि जवान त्या वेळी ड्यूटीवर होता की नाही यावर कमांडिंग ऑफिसरने मत द्यायचे असते. गंभीर इजेत कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची अंतर्गत चौकशी, होते. पीटी करताना, युनिटने आयोजित केलेल्या खेळात, ड्यूटीच्या प्रवासात झालेली इजा सेवेशी जोडली जाते. सुट्टीचा मामला नाजूक आहे. सुट्टीवर घरी जाताना किंवा घरून युनिटला परतताना प्रवासात झालेला अपघात ‘मदन सिंग शेखावत’ प्रकरणात (१९९९) ड्यूटीवरचा मानला गेला. पण सुट्टीत गावी असताना खासगी कामात अपघात झाला तर सेवेशी संबंध दाखवता येत नाही, हे ‘जुझार सिंग’ निकालात (२०११) स्पष्ट आहे. दारूच्या अमलाखाली झालेली इजा किंवा स्वतःहून करून घेतलेली इजा बाद होते. डॉक्टरांनी सुचवलेली शस्त्रक्रिया विनाकारण नाकारली तर टक्के कमी होऊ शकतात, कारण फॉर्ममध्ये त्याचा वेगळा प्रश्न असतो. तेव्हा नकार द्यायचाच असेल तर कारण लेखी द्यावे.

इंज्युरी रिपोर्टची प्रत जवानाने तेव्हाच मागून घ्यावी. गुडघ्याची किंवा कमरेची जुनी इजा सात-आठ वर्षांनी जोर करते. तेव्हा बोर्ड विचारते की पहिली इजा कुठे नोंदली आहे. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, मलम लावून परत पाठवलेल्या इजेचा कागदच नसतो. तोफखान्यातल्या जवानांच्या कानांचेही असेच. भरतीच्या वेळी ऐकणे ठीक होते आणि नंतर कमी झाले हे दाखवायला सेवाकाळातल्या श्रवण तपासणीचे अहवाल लागतात. नियमित वैद्यकीय तपासणीत ‘कान ठीक’ असे दरवर्षी लिहिले जात राहिले, तर शेवटच्या वर्षी तक्रार करून फारसा उपयोग होत नाही. पुष्कळ जवान शेप-१ ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी सुटेल, प्रमोशन किंवा कोर्स जाईल या भीतीने त्रास लपवतात. भीती खोटी नाही. लो मेडिकल कॅटेगरीचा परिणाम बढतीवर होतोच. पण लपवलेल्या दुखण्याची नोंद पुढे कोणीच करून देत नाही, हेही जवानाला आधी सांगायला हवे.

रिलीज मेडिकल बोर्ड निवृत्तीआधी होते आणि त्या दिवशी जवानाच्या डोक्यात घरी जाण्याचे विचार असतात. फॉर्मच्या पहिल्या भागात त्याचे स्वतःचे निवेदन असते: कुठे कुठे पोस्टिंग झाले, त्यांतले फील्ड किती, आजार केव्हा आणि कुठे सुरू झाला, भरतीआधी होता का. हा भाग बऱ्याचदा दुसराच कोणी भरतो आणि जवान फक्त सही करतो. सियाचिन, कुपवाडा किंवा ईशान्येतले पोस्टिंग त्यात गळले, आजाराच्या सुरुवातीची तारीख चुकली, तर बोर्ड चुकीच्या माहितीवर बरोबर निष्कर्ष काढते. सही करण्याआधी आपल्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे सेवेतल्या अधिकृत नोंदींवरून, पोस्टिंगच्या तारखा ताडून घ्याव्यात. आजारांची यादी पूर्ण आहे का ते पाहावे. एकाहून जास्त आजार असतील तर त्यांची नुसती बेरीज होत नाही. बोर्ड एकत्रित टक्केवारी काढते आणि ती बेरजेपेक्षा कमी येते, हे आधीच माहीत असू द्यावे.

पैशांचा हिशेब तसा सरळ आहे. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनचा अपंगत्वापोटीचा भाग, आणि अपंगत्व कमी असेल तर त्या प्रमाणात. समजा २१ सप्टेंबर २०२३ पूर्वी निवृत्त झालेल्या हवालदाराचा मूळ पगार ३८,१०० रुपये आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, म्हणजे ४३,३०० रुपये. याचे ३० टक्के १२,९९० रुपये. अपंगत्व ३० टक्के असेल तर महिन्याला ३,८९७ रुपये होतात. पण राउंडिंग ऑफचा नियम लागला की ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० धरले जाते, ५० ते ७५ हे ७५, आणि ७६ ते १०० हे १००. मग याच हवालदाराला ६,४९५ रुपये मिळतात. महिन्याला २,५९८ रुपयांचा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा. हा फायदा १९९६ पासून फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होता. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ‘राम अवतार’ प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी दिला. इतकी वर्षे उलटून गेली तरी ज्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, अजून २० किंवा ३० टक्केच छापलेले आहेत असे जुने निवृत्त लोक आहेत. फौजी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर आपला पीपीओ उघडून डिसॅबिलिटी एलिमेंट वेगळा दाखवला आहे का आणि कोणत्या टक्क्यांवर, हे घरातल्या शिकलेल्या मुलाने एकदा पाहावे. नसेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागणी करावी.

बोर्ड आउट झालेल्याचे कारण सेवेशी जोडले गेले, तर त्याला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे पेन्शनचा सेवेपोटीचा भागही मिळतो आणि त्यासाठी किती वर्षे सेवा झाली याची अट नसते. शत्रूच्या कारवाईत किंवा युद्धात झालेली इजा ‘ई’ प्रवर्गात मोडते आणि तिला वॉर इंज्युरी पेन्शन लागू होते. सेवेत राहून नंतर निवृत्त झालेल्याला तिथे दर ३० ऐवजी ६० टक्के असतो. त्यामुळे इजा कोणत्या प्रवर्गात नोंदली गेली हे तपासण्यात हयगय करू नये. स्वतःच्या अर्जाने लवकर निवृत्त झालेल्यांनाही आता डिसॅबिलिटी एलिमेंट मिळतो. २००९ च्या आदेशाने १ जानेवारी २००६ नंतरच्यांना तो मिळाला आणि २०१७ च्या आदेशाने त्याआधीच्यांनाही. ‘तुम्ही स्वतः सोडून आलात, तुम्हाला काही नाही’ हे उत्तर अजूनही ऐकवले जाते. ते चूक आहे. सेवेत असतानाच डिसॅबिलिटी एलिमेंटऐवजी एकरकमी भरपाई घेण्याचा पर्यायही समोर येतो. ती रक्कम घेतली की पुढचा मासिक हक्क संपतो. मुलीच्या लग्नाच्या वर्षी हा निर्णय घाईने घेऊ नये.

नकाराचे पत्र आले तर? ते रेकॉर्ड ऑफिसकडून येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावहून, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पहून, बॉम्बे सॅपर्सचे खडकीहून. त्या पत्रावरच पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत लिहिलेली असते. पत्र इंग्रजीत असते, म्हणून ते ट्रंकेत जाते. असे करू नये. आधी बोर्डाच्या कामकाजाची पूर्ण प्रत मिळवावी. दिली नसेल तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह अर्ज करावा, उत्तराला ३० दिवस असतात. मग अपिलात बोर्डाने दिलेले कारण शब्दशः उतरवावे आणि त्याचे एकेक खंडन करावे: भरतीच्या वेळी आपण पूर्ण तंदुरुस्त होतो, आजार पहिल्यांदा कोणत्या तारखेला कोणत्या लष्करी रुग्णालयात नोंदला गेला, त्याआधीच्या दोन-तीन पोस्टिंगचे स्वरूप काय होते, आणि बोर्डाने संबंध नाकारताना कारण दिले आहे की नुसता शेरा मारला आहे. ‘मी देशासाठी वीस वर्षे दिली’ हे खरे असते, पण अपिलात तारीख आणि ठिकाण मोलाचे ठरते. पहिले अपील फेटाळले तर सहा महिन्यांत दुसरे करता येते. तेही गेले की सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अपिलावर सहा महिने काहीच निर्णय आला नाही तरी तिथे जाता येते.

उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण पैसे बुडतात. पेन्शन हा दर महिन्याचा हक्क असल्याने दावा उशिरा करता येतो, मात्र ‘तरसेम सिंग’ निकालाने (२००८) थकबाकी दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरती आखून दिली. शिवाय २००८ च्या नियमांत निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तर सिद्ध करण्याचे ओझे जवानावर येते. निवृत्तीनंतर सात वर्षांच्या आत दिसलेला आजार सेवेतल्या कारणांनी सुरू झाला होता हे वैद्यकीयदृष्ट्या दाखवता आले, तर तोही ग्राह्य धरण्याची तरतूद आहे. डिसॅबिलिटी पेन्शन घेणारा जवान घरीच वारला तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहून घ्यावे. पत्नीच्या विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रश्न त्या एका ओळीशी जोडलेला असतो, आणि गावात ती ओळ बहुधा ‘वृद्धापकाळ’ अशी लिहून मोकळे होतात.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नाव आहे आणि टक्के मोजण्याची मार्गदर्शिकाही बदलली आहे. त्यामुळे शेजारच्या २०१५ च्या निवृत्त सुभेदाराला काय मिळाले यावरून आजच्या जवानाने अंदाज बांधू नये. आपल्या बोर्डाची तारीख पाहून कोणते नियम लागू ते ठरवावे. महालेखापरीक्षकांनी अधिकाऱ्यांमधले डिसॅबिलिटी पेन्शनचे प्रमाण जवानांपेक्षा बरेच जास्त असल्याचे दाखवले होते. गैरवापर असेल तर तो जरूर रोखावा. पण नियम आवळले की पहिला बळी जातो तो ज्याला कागद सांभाळता येत नाहीत त्या शिपायाचा. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने चालवलेली अपिले मागे घ्यावीत, अशी स्पष्ट शिफारस केली होती. ती मनापासून अमलात आली असती तर कोर्टातली निम्मी धावपळ वाचली असती, असे आमचे ठाम मत आहे.

अग्निवीरांबद्दल पालकांना अजून नीट माहिती नाही. त्यांना ही मासिक पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला एकरकमी अनुदान आहे: १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख, ५० टक्क्यांना १५ लाख रुपये. कारण सेवेशी जोडले जाण्याची अट इथेही तीच आहे, म्हणून इंज्युरी रिपोर्टची प्रत त्यांच्यासाठी तितकीच महत्त्वाची. खडकवासल्याच्या एनडीएतून प्रशिक्षणात जखमी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटना तर माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बोर्डाच्या कामकाजाची संपूर्ण प्रत जवानाला निवृत्तीच्या दिवशी हातात मिळावी, मागायला लावू नये. ‘नाना’ शेरा मारताना त्या माणसाचे पोस्टिंग आणि त्याचा आजार यांचा उल्लेख करून कारण लिहावे, छापील वाक्य चालणार नाही. नकाराच्या पत्रासोबत एक पान मराठीत असावे: काय नाकारले, का, आणि अपील कोणत्या तारखेपर्यंत कोणाकडे. हे पान जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही जावे, म्हणजे तिथून फोन तरी करता येईल. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेत (२०२५) सैनिक कार्यालयांत कायदेशीर मदत केंद्रे ठेवण्याची सोय आहे. आपल्याकडच्या प्रत्येक केंद्रात बोर्डाचा फॉर्म वाचता येणारा, फौजी वैद्यकीय शाखेतून निवृत्त झालेला एक माणूस आठवड्यातून एक दिवस बसवावा. असे निवृत्त नर्सिंग असिस्टंट या जिल्ह्यांत गावोगाव आहेत आणि त्यांना मानधनावर बोलावणे राज्य सरकारला सहज परवडेल.

आपले,
माजी सैनिकांच्या पेन्शन प्रकरणांत कागदपत्रांची मदत करणारे काही कार्यकर्ते,
सातारा जिल्हा